उसाच्या रसाचे चार महिने

मी संशयी माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला आश्चर्य वाटायला नको. आमचा धंदा फुलांचा. बडनेऱ्याहून नांदगाव खंडेश्वरकडे जाताना रस्त्यालगत आमचं गाव आहे. तिथं तीन एकरांत शेवंती, झेंडू आणि थोडा गुलाब लावतो. माल तोडायचा आणि अमरावतीच्या बाजारात न्यायचा. या धंद्यात टोपलीत वर ताजी फुलं आणि खाली कालची, अशी रीतच पडून गेली आहे. वजन वाढावं म्हणून पाणी मारायचं, हीसुद्धा. मीही हे केलेलं आहे, खोटं कशाला बोलू? म्हणूनच दुसऱ्याची टोपली दिसली की माझा हात आपोआप तळाशी जातो. तीस वर्षांची सवय आहे, ती दवाखान्याच्या दारात चपलेबरोबर काढून ठेवता येत नाही.

रक्ताच्या रिपोर्टवर लिवरचा एखादा आकडा ठळक अक्षरांत आला आहे, साखर मात्र नॉर्मल आली आहे आणि घरातले सगळे 'चला, सुटलो' म्हणत आहेत, अशा माणसांसाठी मी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. मला जे कळलं ते उशिरा कळलं, आणि त्या उशिराचा त्रास मला कमी झाला, दुसऱ्याच माणसाला जास्त झाला.

"किती ठेवली?"

दादा म्हणजे माझे सख्खे मोठे भाऊ. अकोल्याला राहतात, शाळेत शिपाई होते, आता रिटायर आहेत. त्यांना बारा वर्षांपासून साखर. गोळ्या कधी घेतल्या, कधी बरं वाटतंय म्हणून सोडून दिल्या. दसऱ्याचा झेंडू निघून गेला आणि दुसऱ्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला की चपलेनं झालेला फोड काळा पडलाय, डॉक्टर बोटं काढायची म्हणतात.

मी दहा दिवस त्यांच्याजवळ दवाखान्यात होतो. सकाळी सहाला नर्स यायची, बोटाला सुई टोचून साखर बघायची. साडेआठला ड्रेसिंगचा ट्रे यायचा. त्या ट्रेच्या चाकांचा आवाज कॉरिडॉरमध्ये आला की दादा चादरीचं टोक दातांत धरून ठेवायचे, ट्रे दारात यायच्या आधीच. मी सलाइनच्या बाटलीवरची तारीख वाचायचो, इंजेक्शनची रिकामी बाटली मागून घ्यायचो. तिथल्या नर्सेसनी माझं नाव 'इन्स्पेक्टर काका' ठेवलं होतं. पण त्याच नर्सेस मला चहाही आणून द्यायच्या, हेही लिहायला हवं.

ऑपरेशननंतर दादा शुद्धीवर आले. पायाकडे त्यांनी पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहून विचारलं, "विनू, किती ठेवली रे?"

"दोन," मी म्हणालो.

"कोन्ती?"

"बारकी. करंगळी अन तिच्या बाजूची."

दादांनी पलंगाखालच्या चपलेकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग चप्पल अटकन तरी."

मी बाहेर जाऊन रडलो. दादांसाठी रडलो, पण खरं सांगायचं तर स्वतःसाठीही रडलो. आमचे वडील साखरेनं गेले, आता दादांची बोटं. पुढचा नंबर कुणाचा हे कळायला कुणाची गरज नव्हती. दादांच्या डॉक्टरांनीच मला विचारलं, "तुम्ही सख्खे भाऊ ना? वय किती? पन्नास? मग तुमचंही रक्त बघून घ्या एकदा."

दिलं. रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर ठीक, तीन महिन्यांच्या सरासरीची साखर साडेपाच, तीही ठीक. माझा जीव भांड्यात पडला. कागद घडी करून खिशात घालणार तेवढ्यात खाली एक आकडा दिसला. बाकी सगळे आकडे साधे, हा एकटाच ठळक. एसजीपीटी, ब्याण्णव. डॉक्टर म्हणाले, "हे लिवरचं एन्झाइम आहे, वाढलंय. अमरावतीत कुणाला तरी दाखवा, सोडून देऊ नका."

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. साखर बघायला गेलो, साखर निघाली नाही, म्हणून यांनी लिवर काढलं.

गोळी न देणारी डॉक्टर

अमरावतीला परतल्यावर मी एक काम केलं. एकाच सकाळी दोन वेगवेगळ्या लॅबमध्ये रक्त दिलं, आणि एकीला दुसरीचं सांगितलं नाही. एकीचा आकडा एकोणनव्वद आला, दुसरीचा चौऱ्यांशी. मला तर पुरावाच मिळाला. एक माणूस, एक सकाळ, आणि आकडे दोन! ते दोन्ही कागद घेऊन मी बायकोबरोबर डॉक्टर मॅडमकडे गेलो. मॅडम पुण्याकडच्या, लग्न होऊन इकडं आलेल्या. बोलणं अगदी धुतल्या तांदळासारखं. माझं बोलणं त्यांना भांडल्यासारखं वाटत असावं, कारण मी तोंड उघडलं की त्या पेन खाली ठेवायच्या.

"यातलं खरं कोन्तं?" मी दोन्ही कागद टेबलावर ठेवून विचारलं.

"दोन्ही खरे आहेत," त्या म्हणाल्या. "मशीन बदललं की इतका फरक पडतो. आकडा चाळीस-पन्नासच्या आत हवा, आणि दोन्हीकडे तो दुपटीच्या आसपास आहे. त्याकडे बघा. दारू घेता?"

"कधीच नाई."

माझ्या बाजूला शोभा बसली होती, माझी बायको. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही.

कावीळ करणाऱ्या विषाणूंच्या तपासण्या झाल्या, त्या स्वच्छ आल्या. सोनोग्राफी झाली, त्यात लिवरमध्ये चरबी दिसली. मग मॅडमनी समजावून सांगितलं. आपण खाल्लेली साखर लिवर साठवून ठेवतं आणि लागेल तशी सोडतं. त्याच्यात चरबी भरली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. हा आकडा वाढलाय म्हणजे लिवरच्या पेशींना त्रास होतोय. "तुमची साखर आज बरी आहे," त्या म्हणाल्या, "पण ज्यांचं लिवर असं कुरकुरतं, त्यांना पुढे डायबेटीस होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. होईलच असं नाही. पण तुमच्या घरात आहे, तुमचं पोट सुटलंय. म्हणजे आत्ताच जागं व्हायची वेळ आहे. रोज पाऊण तास चाला, गोड बंद करा, भात अर्ध्यावर आणा, सात-आठ किलो वजन कमी करा. तीन महिन्यांनी परत या."

"अन गोळी?"

"गोळी नको सध्या."

बाहेर येऊन मी शोभाला म्हणालो, "पाह्यलं? गोळी नाई लेहली. रोगच नसन तं गोळी कायची लेहतीन?"

मला हे किती पटलं होतं! जी डॉक्टर औषध देत नाही, तिला रोगच कळलेला नाही.

घरातला वास

त्या दिवसापासून शोभा बदलली. तिचे वडील दारूनं गेले. पोटात पाणी झालं, डोळे हळदीसारखे झाले, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आमचं लग्न ठरताना तिच्या आईनं मला एकच प्रश्न विचारला होता, पितो का म्हणून. मी तेव्हाही नाही म्हणालो होतो आणि ते खरं होतं. पण लिवर म्हटलं की आमच्या भागात दुसरा अर्थच नाही. बाजारातून आलो की शोभा पाण्याचा गिलास द्यायला नको तेवढी जवळ यायची. माझा खांद्यावरचा दुपट्टा धुवायला टाकायच्या आधी तिनं नाकाशी नेलेला मी दोनदा पाहिला.

गावात तर विचारूच नका. चहाच्या टपरीवर एकानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "विनूभाऊ, एकटे एकटेच घेऊन राह्यले का? आमाले आवाज तं देत जा!" सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर महिनाभर त्या टपरीवर गेलो नाही.

वीस वर्षांच्या संसारात शोभानं माझ्यावर कधी अविश्वास दाखवला नव्हता. आता आम्ही दोघं एकमेकांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवत होतो, आणि पोरगी पुण्याला शिकायला असल्यानं मध्ये बोलायला घरात तिसरं कुणी नव्हतं.

पिवळं पाणी

दादांनी फोनवर निकाल देऊन टाकला. "लिवर म्हंजे कावीळच ना बाप्पा. पोटातली कावीळ असन. वरून दिसत नाई." अकोल्याच्या पुढं एका गावात कावीळ उतरवून देणारे एक म्हातारे बुवा होते. दादांनी वहिनींना सोबत दिलं आणि मी आणि शोभा गेलो.

बुवा शेतकरीच होते. अंगणातल्या टिनाच्या छपराखाली बसलेले, समोर तीस-चाळीस माणसं. ते पैसे घेत नव्हते. नारळसुद्धा घेत नव्हते. घेतलं तर हाताचा गुण जातो, म्हणाले. इथं माझ्यासारखा माणूस फसला. मी बाजारातला. कुणी लबाडी करतो तर कशासाठी, एवढंच मी शोधतो. इथं मिळवायचं काहीच नव्हतं, म्हणजे लबाडी नव्हती, म्हणजे सगळं खरं होतं. असा सरळ हिशेब मी मांडला. फुकट देणारा माणूस चुकू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बुवांनी माझे डोळे पाहिले.

"पिवये नाई दिसत," मीच म्हणालो.

"आतून हाय," ते म्हणाले.

चुन्याच्या पाण्यात काहीतरी पाला चुरून त्यांनी माझे हात कोपरापर्यंत धुतले. परातीतलं पाणी पिवळंजर्द झालं. परात मी हलवून पाहिली, तळाला काही लावलंय का म्हणून बोटही फिरवलं. काही नव्हतं. माझ्या आधीच्या आणि नंतरच्या प्रत्येकाच्या हाताचं पाणी असंच पिवळं झालेलं मी पाहिलं होतं. त्यावरून काही शंका यायला हवी होती, पण ते पिवळं पाणी माझं होतं आणि शोभा ते बघत होती. बाहेर येताना ती मला म्हणाली, "म्हंजे दारूचं नव्हतं तं. कावीळच होती." कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी नीट बोलली. त्या एका वाक्यासाठी मी परातभर पाणी प्यायलोही असतो.

बुवांनी काड्यांची एक माळ गळ्यात घातली. कावीळ उतरेल तशी ती लांब होते. आणि पथ्य सांगितलं: तेल, तिखट, हळद बंद. उन्हात फिरायचं नाही, आराम करायचा. उसाचा रस दोन वेळ पोटभर, मधल्या वेळी ग्लुकोजचं पाणी आणि गूळ-फुटाणे. कावीळ झाली की हेच करायचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं.

मॅडमनी गोड बंद सांगितलं होतं, ते मी विसरलो नव्हतो. पण रस म्हणजे काही गोड खाणं नव्हे. ते औषध.

चार महिने

बडनेरा रस्त्यावर एक रसवंती आहे. तिथून रोज किटलीभर रस यायचा. मी मोठा स्टीलचा गिलास भरून सकाळी आणि दुपारी प्यायचो. उरलेला रस ठेवून चालत नाही, तासाभरात काळा पडतो. म्हणून तो शोभा पिऊन टाकायची. ग्लुकोजचं पाणी उरलं तर तेही तिच्याच पोटात जायचं. आमच्या घरात उरलेलं अन्न टाकायची पद्धत नाही, आणि उरलेलं संपवायचं काम कुणाचं, हे कुठल्याच घरात विचारावं लागत नाही.

माळ आठवड्यात लांब झाली, पोटापर्यंत आली. सगळे खूश होते. मी चालणं तर सुरूच केलं नाही, उलट शेतातलं कामही कमी केलं. शेतात सावलीला बाजेवर पडून सगळ्यांवर लक्ष ठेवायचं हेच माझं काम.

तेव्हा माझ्या एक लक्षात आलं. फुलं तोडता तोडता शोभा मध्येच उठायची आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडे जायची. दुपारपर्यंत तीन-चार वेळा. ही खोली शेताच्या टोकाला, तिथं माझी अवजारं, फवारणीचे डबे, जुनी पोती असतात. म्हणजे अजून तिचा संशय गेलेला नव्हता! मी तिथं बाटली लपवलीय असं तिला वाटतंय, आणि रोज जाऊन ती उचकापाचक करून येते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण मी बोललो नाही. म्हटलं, शोध बाई, काय सापडतं ते पाहू. एकदा मुद्दाम पोती उलटीसुलटी ठेवून आलो, तिनं हलवली का हे बघायला. पोती जशीच्या तशी होती. तर मी मनाशी म्हणालो, हुशार आहे, होती तशी परत ठेवते.

तिच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. हार ओवताना सुई टोचली होती. आज बांधली, पुढच्या आठवड्यातही होती, पुढच्या महिन्यातही. ती चिंधी मी रोज बघत होतो. पण नजर माझी मोटारीच्या खोलीवर.

मॅडमच्या टेबलावर

मला थकवा यायला लागला तेव्हा रक्त दिलं. दोन लॅबमध्येच दिलं, अर्थात. एसजीपीटी एकशे एकवीस आणि एकशे पंधरा. तीन महिन्यांची साखर साडेपाचवरून सहा पूर्णांक चार.

साडेसहाला साखरेचा शिक्का बसतो, हे मला दादांमुळे पाठ होतं. मी रिपोर्ट हातात धरून लॅबच्या पायऱ्यांवर बसलो. पायातल्या चपलेकडे बघत होतो आणि बोटं मोजत होतो. पाच आणि पाच. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

मी मॅडमकडे गेलो तो भांडायलाच. म्हणालो, तेव्हाच गोळी दिली असती तर ही वेळ आली नसती. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही सकाळपासून काय काय खाता ते सांगा. काही सोडू नका."

मी पोळी, वरण, भाजी सांगितली. भात कमी केला तेही सांगितलं. शोभाच म्हणाली, "रसाचं सांगा ना."

"कसला रस?"

मग सगळं निघालं. माळ मी शर्टच्या आत घातलेली होती, तीही काढून दाखवली. मला वाटलं त्या हसतील, किंवा अडाणी म्हणतील. त्यांनी फक्त कपाळाला हात लावला आणि गिलास केवढा ते विचारलं. मी हातानं दाखवलं. "काका, तुमच्या लिवरला साखर आवरत नव्हती, म्हणून ते ओरडत होतं," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही त्यालाच चार महिने रोज दोन गिलास साखर पाजलीत."

बुवांनी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांना कावीळ ठाऊक होती. मला कावीळ नव्हती.

"रस आणखी कोण पितं घरात?" मॅडमनी विचारलं.

"उरला तं मीच पेतो," शोभा म्हणाली. आमच्याकडे बायकाही 'पेतो, जातो' असंच बोलतात. "फेकाचा हाय का?"

मॅडमनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. बोटाच्या चिंधीकडे पाहिलं. "हे किती दिवस झाले?"

"सुई लागली होती. होईन बरं."

चिंधी सोडली. बोटाचं टोक जांभळट होतं आणि कडेनं पांढरं. तो रंग मी आधी पाहिला होता, अकोल्याला, दहा दिवस, रोज साडेआठला.

मॅडमनी टेबलाच्या खणातून साखरेचं छोटं मशीन काढलं, शोभाच्या दुसऱ्या बोटाला सुई टोचली. दोनशे शहाऐंशी.

"मशीन खराब असन," मी म्हणालो. "दुसऱ्या मशीनवर पाहा. दुसऱ्या बोटाचं घ्या."

तीस वर्षं मी लोकांच्या मालावर संशय घेतला, पण माझा संशय खरा निघावा म्हणून असा जीव कधी तुटला नव्हता. मॅडम बाहेरून दुसरं मशीन घेऊन आल्या. दोनशे एक्क्याऐंशी.

बोलणं

लॅबमधून दुसऱ्या दिवशी पूर्ण रिपोर्ट आला. तीन महिन्यांची साखर दहाच्या वर. आणि खाली तोच ठळक आकडा, एसजीपीटी, एकशे चार. मी मॅडमना विचारलं, हे सगळं रसानं झालं का? त्या म्हणाल्या, रसानं भर घातली, पण हे आधीचं आहे, कदाचित दोन-तीन वर्षांपूर्वीचं. "लिवर तुमचंही बोलत होतं, यांचंही. तुमचं तपासलं म्हणून ऐकू आलं."

माझी फाइल तेव्हा चार लॅबच्या कागदांनी फुगलेली होती. शोभाच्या नावाचा घरात एकही कागद नव्हता. पोरगी झाली त्यानंतर, म्हणजे एकोणीस वर्षांत, तिचं रक्त कुणी तपासलेलंच नव्हतं.

गाडीवरून घरी येताना मी नांदगावच्या रस्त्याला लिंबाखाली गाडी थांबवली. ती म्हणाली, काय झालं? मी विचारलं, "तू मोटारीच्या खोलीत काहून जात होती?"

"पानी प्याले. मटका तिथंच हाय ना. अन मांगून आडोसा हाय. घडी घडी लघवीले लागत होती, बाया हासत होत्या."

"मले वाटलं बाटली पाहाले जातं."

तिनं नजर चुकवली नाही. "पयल्या दिवशी पाह्यली. सारे डबे उघडून पाह्यले. मंग नाई पाह्यली."

"मंग इतकी तहान लागून राह्यली, हे सांगतलं काहून नाई?"

"घरात तुमचंच आजारपन चालू होतं ना," ती म्हणाली.

मी तिचं चिंधी बांधलेलं बोट हातात धरलं. ती म्हणाली, "तुमी साऱ्या दुनियेवर संशय घेता. माह्यावर बी घेतला, पन नको तो घेतला." ती रागानं नाही बोलली. राग असता तर बरं झालं असतं.

आता

बोट वाचलं. अठरा दिवस रोज ड्रेसिंग करावं लागलं. मी दर वेळी सोबत जायचो, आणि ट्रेचा आवाज आला की माझ्याच हातात चादरीचं टोक हवं असं वाटायचं. टोकाला आता थोडी बधिरता राहिलीय, म्हणून ती हार ओवताना अंगुस्तान घालते. तिला गोळ्या सुरू आहेत. तीन महिन्यांची साखर सातवर आली, एसजीपीटीही उतरतंय. माझं वजन नऊ किलो उतरलं, एसजीपीटी बेचाळीस, साखर पाच पूर्णांक सात. मी अजून काठावरच आहे आणि मॅडमनी तसं स्पष्ट सांगितलंय. गोळी मला अजूनही दिलेली नाही. आता त्याचा राग येत नाही.

रोज माल बाजारात देऊन आलो की आम्ही दोघं कॅनॉलच्या रस्त्यानं पाऊण तास चालतो. टपरीवरून एकदा आवाज आला, "विनूभाऊ, वैनीले घेऊन कुठी निंगाले?" शोभानंच उत्तर दिलं, "त्याईले चढली ते उतरवाले." दादांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते फोनवर खोकला येईपर्यंत हसले, आणि मग वहिनींना म्हणाले, उद्या तू बी रक्त दे.

माळ मी फेकली नाही, मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवलीय.

घरात आता साखरेचं मशीन आहे. शोभा सकाळी चुलीजवळ बसून बोटाला सुई लावते. मी विचारतो, "किती आली?" ती आकडा सांगते. मी म्हणतो, "दाखव."

"भरोसा नाई का माह्यावर?"

"नाई," मी म्हणतो.

मग ती मशीन माझ्या डोळ्यांसमोर धरते. मी चष्मा लावून आकडा वाचतो, आणि वाचून झाल्यावर तिची दहाही बोटं एकेक करून बघून घेतो.